मळ्यातली विहीर

उन्हाळा लागला की नाशिकरोडच्या या फ्लॅटमध्ये बसून मला चांदवडकडचं आमचं गाव आठवतं. लग्न होऊन मी तिथे गेले, तेव्हा प्यायचं पाणी ओढ्याकाठच्या विहिरीवरून आणावं लागे. सकाळी उजाडलं की मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई हंडे घेऊन निघायचो. घरात सासऱ्यांसमोर तोंडातून शब्द न काढणारी ही बाई त्या वाटेवर आपल्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या, घोरण्याची अशी नक्कल करायची, की हसताना माझा हंडा डुचमळायचा. नव्या नवरीचं परकेपण माझ्या मनातून गेलं ते त्या वाटेवरच.

पाणी मात्र वाईट होतं. होळी झाली की विहिरीचा तळ दिसायला लागे. गढूळ पाणी आम्ही दुपदरी फडक्यातून गाळायचो, तुरटी फिरवायचो आणि देवाचं नाव घेऊन प्यायचो.

एका उन्हाळ्यात घरोघर जुलाब-उलट्या सुरू झाल्या. जाऊबाईंची धाकटी मुलगी इतकी मलूल झाली, की तिला जीपमध्ये घालून चांदवडच्या दवाखान्यात न्यावं लागलं. सलाईनवर पोर तरली. पण त्यानंतर पाण्याच्या वाटेवर जाऊबाईंनी कधी नक्कल केली नाही.

आरोग्य खात्याने ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी तपासलं, ते पिण्याजोगं नव्हतं. टाकी आणि पाइपलाइन मंजूर झाली, पण टाकीत भरायला पाणी कुठून आणायचं? नवी बोअर कोरडी गेली. उन्हाळाभर टिकणारं गोडं पाणी गावात एकाच विहिरीला होतं, आमच्या मळ्यातल्या; पण मळा इतका लांब, की रोज हंडे घेऊन तिथे जाणं जमत नसे. आणि त्या पाण्यावर आमचा उन्हाळी कांदा उभा असायचा.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर भरली. मळ्याचा कारभार दिरांकडे होता, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"कांद्यालाच पुरत नाय, गावाला कुठून देऊ?" दीर म्हणाले.

तेवढ्यात बायकांमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या जाऊबाई पदर सावरत उभ्या राहिल्या. "आमची हीर घ्या. आम्ही कांदा कमी लावू."

"तुला कोण विचारतंय?" दीर गरजले.

"पोर दवाखान्यात पाणी मागत व्हती," जाऊबाई म्हणाल्या, "अन् मला तिला पाणी पाजायचंच भेव वाटत व्हतं."

दीर तडक उठून गेले. घरी त्यांनी बरेच दिवस अबोला धरला. जाऊबाई त्यांना रोज गरम भाकरी वाढत आणि तो विषय काढत नसत. मी मनातून घाबरले होते. मग एका सकाळी दीर स्वतःच सरपंचांकडे गेले आणि म्हणाले, "आधी हिरीतला गाळ काढून द्या, मग न्या पाणी."

पाइपासाठी चर खणायला सगळं गाव उतरलं. हाताला फोड आले, तरी बायका गाणी म्हणत माती उपसत होत्या. नळ सुरू झाला त्या दिवशी आधी नुसती हवा फुसफुसली, मग तांबूस पाणी आलं आणि हळूहळू धार नितळ झाली. जाऊबाईंनी तांब्या भरून लेकीच्या हातात दिला. ती पिऊन झाल्यावर मागून दिरांचा आवाज आला, "मलाबी दे की." कितीतरी दिवसांनी ते जाऊबाईंशी बोलले होते.

पुढे यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही नाशिकला आलो. आता गावात घराघरात नळ आहेत आणि ओढ्याकडची वाट वेड्या बाभळींनी बुजली आहे. मागे गेले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "पाणी दारात आलं ते लय बरं झालं गं. पण बाया एकमेकींना दिसत नाय आता."

टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचं काम दिरांनी स्वतःहून अंगावर घेतलंय. त्या दिवशी आम्ही ओट्यावर बसलो होतो, तर ते गल्लीतून ओरडत येत होते, "कोणाचा नळ चालू राहिलाय रे? पाणी काय फुकट येतं का?"

"रोज असंच चाललंय ह्यांचं," जाऊबाई म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.