सायकलची ओटी

डॉक्टर म्हणाले चाला, सरकार म्हणालं घरात बसा, आणि आमचा मुलगा सुधीर म्हणाला, "आई, पडलीस तर कोण बघणार? रविवारी गिऱ्हाईक येतंय, सायकल देऊन टाकतो." लॉकडाऊनमध्ये सायकलींना भाव आला होता ना! नातीची जुनी लेडीज सायकल ती, पुढे जाळीची बास्केट. सकाळी फिरायची सूट मिळाल्यापासून निगडीत रोज चालवत होते. लहानपणी भावाच्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून शिकलेली मी, विसरते होय? साखर उतरली, झोप लागायला लागली. ते कुणी बघत नाही. सगळ्यांना माझी हाडंच दिसतात.

म्हटलं, जायचीच आहे तर एकदा माहेरी महाळुंग्याला जाऊन येऊ. शनिवारी उजाडताच निघाले. अंगात सुनेचा पंजाबी ड्रेस, ओढणी घरीच. चेनीत अडकली की संपलं.

तुम्ही गेलात तर तळवड्यावरून जा, पण चहा घरून न्या, टपऱ्या सगळ्या बंद. मास्कमुळे चष्म्यावर वाफ, वाफेमुळे खड्डा दिसत नाही, आणि खड्ड्यात आदळलं की मास्क डोळ्यांवर! कंपन्यांचे कंटेनर मात्र सुसाट. त्यांना रोग होत नाही वाटतं.

चौकात पोलिसानं काठी आडवी घातली. "आजी, कुठं?"

"माहेरी."

"पास?"

"माहेराला पास लागतो का रे बाबा?"

हसला बिचारा, सोडलं. इंद्रायणीच्या पुलावर थांबून चहा प्याले. असा वारा, की मुलाचाही राग विसरले.

गावाच्या तोंडाशी बघते तर रस्त्यावर बाभळीच्या फांद्या! पलीकडे खुर्ची टाकून पुतण्या बाळू बसलेला.

"आत्ते, आत न्हाई सोडता येत. गावानं ठरवलंय."

"मेल्या, तुझं नाक पुसलंय मी!"

"व्हय, पन आता तुझं झाक आधी."

बाळूनं घरी फोन लावला तशी वहिनी आली, हातात नारळ, खण, तांदूळ. माहेरवाशीण ओटीशिवाय परत जात नाही, मग रोग असो नाहीतर काही. फांद्यांपलीकडून तिनं मला न्याहाळलं. "वन्सं, पदर कुठाय?"

"सायकलवर कसला पदर?"

"मग ओटी काय खिशात भरू?"

दोघी वैतागलो. शेवटी मी पुढचं चाक फांद्यांत घुसवलं. वहिनीनं हँडलला हळदकुंकू लावलं आणि बास्केटीत खण टाकून त्यावर ओटी भरली. बाळू म्हणाला, "झाली सायकल माहेरवाशीण." वहिनी हसता हसता रडली. मी नाही रडले, चष्मा आधीच वाफेनं भरलेला.

चाकात काटा, हे सांगायला नकोच. तळवड्यापर्यंत ढकलत आले. अर्धं शटर उघडून बसलेले पंक्चरवाले चाचा सायकल उलटी करणार, तोच तांदूळ दिसले. "ओटी है ना? फिर उलटी नहीं करते." उभीच धरून दुरुस्त केली.

घरी दारातच सुधीर. "किती फोन केले!" मग बास्केट बघून म्हणाला, "हे काय?"

सगळं सांगितलं. म्हटलं, "आता काढ विकायला. माहेराहून ओटी भरून सासरी आलेली आहे ती."

"आई, काहीही बोलतेस!"

सून आत निघून गेली. मला वाटलं, ड्रेस मळवला म्हणून चिडली. ती भाकरीचा तुकडा घेऊन आली, सायकलवरून ओवाळून टाकला आणि नवऱ्याला म्हणाली, "बघता काय? धरा, उंबऱ्याच्या आत घ्या."

गिऱ्हाइकाला नाही म्हणायचा फोन त्यानंच केला. ओटीच्या नारळाची बर्फी केली, तीही त्यानंच जास्त खाल्ली. मला साखर आहे ना! बास्केटीच्या सांदीत अजून तांदळाचे दोन-चार दाणे आहेत. रोज झाडते, पण ते मुद्दाम राहू देते.