पुढचं वर्ष कसं जाईल?

काही वर्षं मी दर महिन्याला सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या चाळींतून एकच प्रश्न विचारत फिरायचे: पुढचं वर्ष तुमच्या घराला कसं जाईल? चांगलं, वाईट की आहे तसंच? काम एका सर्व्हे कंपनीचं. असेच प्रश्न देशोदेशी विचारतात आणि लोकांचा भरवसा वाढला की घटला ते त्यावरून ठरवतात, एवढं आम्हाला शिकवलं होतं.

एका खोलीत अमळनेरकडची बाई राहायची. नवरा कापडाच्या कारखान्यात लूमवर. पहिल्या खेपेला तिने चहा पाजला. "चांगलं जाईल, ताई. दिवाळीला फ्रिज घेणार आम्ही."

मग बाजारात कापडाचा उठाव गेला. कारखाना एकाच पाळीवर आला, नवरा निम्मा महिना घरी. तिचं उत्तर आधी 'आहे तसंच' झालं, मग 'वाईट'. एकदा ती दारातच चिडली. "दर महिन्याला तेच काय विचारता? तुमच्या विचारण्याने लूम चालणार आहे का?"

मी पायरीवरच बसले. थोड्या वेळाने तीही शेजारी टेकली. "आणि तुमले काय वाटस?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. "भीती वाटते," मी म्हणाले. "आमच्याकडेही ओढाताणच आहे."

मग ती मोकळी झाली. चाळीत एकटी राहणारी ओडिशाची कामगार पोरं होती, त्यांना जेवणाचे डबे द्यायचं तिच्या मनात होतं. नवरा म्हणत होता, मंदीत कोण घेणार? आम्ही सल्ला द्यायचा नाही, असा नियम. तरी मी बोलून गेले, "मंदीत भूक थोडीच थांबते?"

पुढच्या महिन्यात गेले तर खोलीबाहेर रिकाम्या डब्यांची रांग. आत नवरा परातीत कणीक मळत होता, ती पोळ्या लाटत होती. मी प्रश्न विचारला.

"चांगलं," ती मान वर न करता म्हणाली.

"लूम सुरू झाले का दोन्ही पाळ्यांना?"

"कुठले! अजून तसंच आहे." नवराच हसला. "पण पोरं जास्तीचं वरण मागून घेतात."

तिने मला बळेच जेवायला बसवलं. शेवभाजी झणझणीत होती, डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी पुढच्या घरांना पोचायला मला उशीर झाला, आणि मी तो होऊ दिला.