गिरणीतली हातांची बोली

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. ते शिक्षण झालं वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, सूतगिरणीतल्या पगारावर. बी.कॉम. झाल्यावर त्याच सहकारी गिरणीनं मला ऑफिसात नोकरी दिली. ते उपकार मी आजही विसरलेलो नाही.

सूत कातणाऱ्या साच्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. म्हणून कामगारांनी हातांची एक बोली घडवली होती. धागा जाड येतोय, पट्टा घसरतोय, कापूस ओला आहे, हे सगळं बोटांच्या खुणांनी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाई आणि बिघाड वाढण्याआधी साचा थांबे. नवा माणूस जुन्याच्या शेजारी उभा राहून ही बोली शिके. तिच्यात जेवणाची विचारपूस होई, चेष्टाही चाले.

नव्या आर्थिक धोरणाच्या वर्षांत मोठ्या खासगी गिरण्यांपुढे आमची गिरणी टिकेना. वीज तोडली गेली, साचे बंद पडले. विकत घेऊ पाहणाऱ्यांनी मूल्यमापनाला एक साहेब पाठवले. जमीन, इमारत, यंत्रं त्यांनी बारकाईनं पाहिली. मी धीर करून म्हणालो, "साहेब, माणसांना जे येतं, तीही गिरणीची मालमत्ताच आहे. तीही मोजा."

साहेब भला माणूस होता. "पटतं मला. पण मला दिसलं तरच लिहिता येईल. उद्या सगळ्यांना बोलवा. लिहिता आलं, तर घेणारे कदाचित माणसांसकट गिरणी चालवतील. नाहीतर यंत्रं उचलून नेतील."

दुसऱ्या दिवशी सगळे धुतलेले सदरे घालून आले. मोठ्या माणसापुढे उभं राहायची आमच्याकडची रीत, तसे हात बांधून, मान खाली घालून रांगेत उभे राहिले. साहेब म्हणाले, "तुम्ही काम कसं करता, जरा दाखवा."

सगळे बंद साच्यांकडे बघू लागले. शेवटी दादाच बोलले, "साचा चालू असला म्हंजे आपसूक होतंय सायेब. आता काय दावावं?"

साहेब गेल्यावर मी रडकुंडीला आलो. "दादा, हात का म्हून बांधले तुमी?"

दादांचा साच्यावरचा जोडीदार म्हणाला, "मग सायबापुढं बँडवाल्यावानी हात हलवीत उभं ऱ्हायाचं का?" सगळे हसले. दादा जरा जास्तच हसले.

अहवालात माणसांबद्दल एक ओळही नव्हती. यंत्रं विकली गेली, माणसं घरी बसली.

साचे न्यायला ट्रक आले, त्या दिवशी सगळे आवारात जमले होते. ट्रक सुरू झाले आणि त्या घरघरीत बोलणं ऐकू येईना. फाटकाशी उभ्या दादांचा हात एकाएकी वर गेला. त्यांनी बोटं तोंडाशी नेली. जेवलास का? लांब वजनकाट्याजवळून जोडीदारानं पंजा हलवला. न्हाई. मग दोघांचे हात बोलतच राहिले. माझा हात वर जाईना. मी ती बोली बघितली होती, शिकलो नव्हतो.

शेवटचा ट्रक फाटकाबाहेर पडला. आवाज लांब गेला, तसे त्यांचे हात खाली आले.