चप्पल काढून चालवलेल्या गाड्या

नव्या गाडीत बसताना मी चप्पल काढतो. देवळात काढतात तशीच, फक्त इथे देव नाही, पैसे कापणारा साहेब आहे.

दुसऱ्यांच्या नव्या गाड्या नेऊन पोचवणं हा माझा धंदा. नाशिकला अंबडच्या यार्डातून गाडी उचलायची आणि चालवत शोरूमपर्यंत न्यायची. कधी पिकअप, कधी जीप, कधी बॉडी नसलेली नुसती चेसी. धुळे, इंदूर, नागपूर, एकदा तर पार गुवाहाटी. गाडी तिथे सोडली की तिचा माझा संबंध संपला. परत आपलं आपण यायचं, मिळेल त्या ट्रकच्या केबिनमध्ये नाहीतर रेल्वेच्या जनरल डब्यात. मॅटवर मातीचा एक ठसा दिसला तरी शोरूमवाला फोटो काढून पाठवतो आणि ट्रिपच्या पैशांतून धुलाई कापली जाते. म्हणून चप्पल पिशवीत, पिशवी सीटच्या मागे आणि पाय अनवाणी. सीटवरचं प्लास्टिकही काढायचं नाही. उन्हाळ्यात त्याला पाठ चिकटते, उतरताना सालटं निघाल्यासारखं वाटतं. एकवीस वर्षं नव्या गाड्या चालवल्या, पण सीटच्या कापडाला माझी पाठ एकदाही लागली नाही.

यार्डाच्या कागदावर मी ‘स्वतंत्र व्यावसायिक’ आहे. दरवर्षी तशी सही करतो. बायकोला हे कळलं तेव्हापासून ती मला मालक म्हणते. “मालक, गॅस संपलाय.” “मालक, दळण टाकून या.” स्वतंत्र असण्याचा अर्थ एवढाच की ट्रिपचे ठरलेले पैसे मिळतात आणि जेवण, परतीचं भाडं, वाटेतली हमाली, सगळं त्यातच बसवायचं. डिझेल मोजून मिळतं, त्यातलं वाचेल ते आपलं. गाडी तयार नसेल तर यार्डातल्या पत्र्याखाली दोन-दोन दिवस बसायचं, ते बसणं फुकट. आजारी पडलं की नंबर पुढच्याला. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रारी करायचो तेव्हा तरुण होतो.

डिझेल वाचवायचं तर पाय हलका लागतो. पेडलखाली अंडं ठेवलंय असं समजून चालवायचं. अनवाणी पायाला हे बरोबर जमतं. पेडलची थरथर तळव्याला लागली की काट्याकडे न बघता इंजिनाचं म्हणणं कळतं. मला याचा गर्व होता. नवीन ड्रायव्हरांना मी शहाणपण शिकवायचो, बूट काढा, बुटात पाय बहिरा होतो. आता ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

माझा जोडीदार कळवणकडचा. चौदा वर्षं आम्ही एका ताफ्यात आहोत. चार-पाच गाड्या एकामागे एक निघतात, त्यात पहिली त्याची आणि दुसरी माझी, हे कुणी न ठरवता ठरलेलं. तो रस्ता बघतो, मी त्याचे मागचे दिवे बघतो. निघताना तो ब्रेक दोनदा दाबून दिवे लुकलुकवतो, मी एक हॉर्न देतो, की निघालो. तो ब्रेक कधी मारणार हे मला त्याच्या आधी कळतं, असं मी त्याला चिडवायचो.

गेल्या हिवाळ्यात इंदूरला पिकअप न्यायच्या होत्या. ओझरला तो लघवीला थांबला आणि त्या एका दिवशी माझ्या मागे आला. पिंपळगावला कांद्याच्या टेम्पोंची रांग लागली होती, म्हणून आम्ही चहाला उतरलो. तो उतरल्या उतरल्या माझ्याकडे आला.

“भाऊ, तुझं ब्रेक लाईट पेटलेलंच हाय.”

“कधीपासून?”

“मी मागं लागलो तवापासून. सपाट रस्त्याला ब्रेक दाबत चाललास का काय?”

मी म्हणालो, स्विच अडकला असेल. त्याने स्टिअरिंगखाली डोकं घालून हाताने पेडल दाबून बघितलं. दाबलं की दिवा लागत होता, सोडलं की विझत होता. स्विच चांगला होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो किती डिझेल जळालं असेल याचा. खरंच सांगतो, ब्रेकचा नाही, डिझेलचा.

चांदवडचा घाट उतरल्यावर सरळ रस्ता लागला तेव्हा मी खाली वाकून पाहिलं. उजवा पाय निम्मा अॅक्सिलरेटरवर होता आणि अंगठ्याची बाजू ब्रेकवर टेकलेली होती. पाहिलं म्हणून कळलं. पाहीपर्यंत माझ्या मते पाय जागेवर होता. मी तो उचलून नीट ठेवला, टेबलावरची वस्तू सरळ करून ठेवावी तसा. त्या दिवसापासून मी एक डोळा रस्त्यावर आणि एक डोळा पायावर ठेवून चालवू लागलो. शुगर मला आठ वर्षांपासून आहे. गोळी घ्यायचो, आठवण राहिली तर. मी कुणाला काही सांगितलं नाही. काही महिने असेच गेले आणि मला वाटलं, जमतंय.

मे महिन्यात चेसीची ट्रिप लागली. पुण्याकडून उचलायची आणि इंदूरच्या बॉडीवाल्याकडे द्यायची. बसच्या चेसीला ना छप्पर, ना दार, ना काच. लाकडी खोका दोरीने बांधून त्यावर बसायचं आणि डोक्याला-तोंडाला पंचा गुंडाळायचा. डाव्या हाताला इंजिन उघडंच असतं. चेसीत मॅट नसते, सीट नसते, घाण होण्यासारखं काहीच नसतं. कुठलाही ड्रायव्हर चेसीवर बूट घालूनच बसतो. मी मात्र चढलो आणि चप्पल काढून पिशवीत ठेवली. हाताला सवयच तशी लागलेली होती. लांब रस्त्याला क्लचचा पाय रिकामा असतो. मी तो आडवा करून इंजिनाच्या बाजूला टेकवला आणि तसाच ठेवला.

घरी आलो तर सिडकोतल्या आमच्या खोलीत बायको फरशी पुसत होती. मी मोरीपर्यंत जाऊन आलो आणि ती फडकं हातात धरून खाली बघत राहिली. पुसलेल्या फरशीवर माझ्या पावलांचे ठसे उमटले होते. उजवा धुळीचा होता. डावा ओला होता, पिवळसर.

“अहो, बसा,” ती म्हणाली. “पाय वर करा.”

टाचेपासून घोट्यापर्यंत कातडी उकडलेल्या बटाट्यासारखी सुटली होती. इंदूर ते नाशिक मी त्यावर उभा राहून, चालून, ट्रकमध्ये चढून उतरून आलो होतो. तिला रडू फुटलं. मला नाही आलं. मला आठवतं, मी एवढंच म्हणालो की फरशी परत पुसावी लागेल.

ती गंगापूर रोडला एका घरी पोळ्या करायला जाते. त्या घरची सून डॉक्टर. तिच्याच दवाखान्यात मला नेलं. डॉक्टरीण तिशीची असेल. तिने जखम धुतली, पट्टी केली. मग नायलॉनचा जाडसर दोरा काढला आणि म्हणाली, “काका, डोळे मिटा. मी तळव्याला हा दोरा टेकवीन. लागलं की हो म्हणा.”

यार्डाने वर्षाचं फिटनेसचं सर्टिफिकेट मागितलेलं होतं. ते दिलं नाही तर नंबर नाही, आणि नंबर नाही तर मग काहीच नाही. स्वतंत्र व्यावसायिकाला ना पेन्शन ना रजा. मला वाटलं, ही पोरगी लिहूनही देईल. मी डोळे मिटले. जरा वेळाने म्हणालो, हो. मग थोडं थांबून, हो. मग लागोपाठ दोनदा, हो, हो. दरवेळी सारखं अंतर पडलं तर संशय येईल, एवढी अक्कल मला होती.

“काका,” ती म्हणाली, “मी अजून सुरुवात केली नाही.”

मी डोळे उघडले. दोरा तिच्या हातात होता आणि हात तिच्या मांडीवर. बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मग डॉक्टरणीने खरंच तपासलं, दोन्ही पाय, आणि या वेळी मी डोळे मिटून गप्प बसून राहिलो. ती म्हणाली, जखम भरेल, पण तळव्यांची जाणीव गेलीय, गाडी चालवायची नाही. मी विचारलं, किती दिवस? तिने उत्तर माझ्या बायकोकडे बघून दिलं. म्हणाली, गेलेली जाणीव बहुतेक परत येत नाही.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बायको मला मालक म्हणाली नाही. “अहो, रिक्षाने जाऊ,” एवढंच म्हणाली. त्यानंतरही कधी म्हणाली नाही.

पावसाळा मी घरातच काढला. पट्टी बदलायची, पाय उशीवर ठेवायचा आणि खिडकीतून गाड्या बघायच्या. बायकोने पोळ्यांची आणखी दोन घरं धरली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत असेलही, पण ते माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. जखम भरली. मग मी दुसऱ्या एका डॉक्टरकडे गेलो, जो ब्लडप्रेशर बघतो आणि सही करतो. बूट घालून गेलो होतो, त्याने ते काढायला सांगितले नाहीत. बायकोने सर्टिफिकेट वाचलं, पुन्हा घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

दसऱ्याला शोरूमना गाड्यांची घाई असते. आदल्या आठवड्यात मला फोन आला, इंदूरला नंबर लागलाय. मी गेलो. जोडीदार फाटकाबाहेर टपरीवर होता. त्याला मी सगळं सांगितलं, ब्रेकवरचा अंगठा, चेसी, डॉक्टरणीचा दोरा, सगळं. चौदा वर्षांत त्याच्याशी खोटं बोललो नव्हतो, ते एक स्विचचं सोडून. तो खारी बुडवून खात राहिला.

“मंग कशाला आला?”

“नंबर लागला.”

“हं,” तो म्हणाला.

आत पाच पिकअप रांगेत उभ्या होत्या. मी दुसरीत बसलो. चप्पल काढली, पिशवीत घातली, पिशवी सीटमागे टाकली. तो आपल्या गाडीकडे जाता जाता माझ्या खिडकीशी थांबला. माझ्या पायांकडे बघत होता.

“भाऊ, मी फुडंच हाय,” तो म्हणाला. “लय लांब राहू नको. ब्रेक नाय लागला तर माझ्याच गाडीला धडकशील, दुसऱ्या कुणाला नाय. मी घेतो सावरून.”

मला वाटलं, गंमत करतोय. तोंडाकडे पाहिलं तर गंमत नव्हती. मी त्याच्या घरी कळवणला जेवलोय. त्याची मुलगी यंदा बारावीला आहे. आपण काय पत्करतोय हे त्याला ठाऊक होतं आणि तरी तो जाऊन पहिल्या गाडीत बसला. त्याने ब्रेक दोनदा दाबला. दिवे लुकलुकले.

मी हॉर्न द्यायचा होता. हात हॉर्नवर होता. मी ब्रेक दाबला आणि दाबला गेला का ते बघायला खाली वाकलो. वाकलो तेव्हा पुढचा काही रस्ता मला दिसत नव्हता, त्याची गाडी पण नाही. चांदवडपासून मी असाच चालवत होतो, आणि दरवेळी पुढे तो होता. मला भीती वाटली. किती तरी महिन्यांनी काहीतरी वाटलं. मी इंजिन बंद केलं.

ऑफिसात जाऊन किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणालो, माझे पाय गेलेत, दोन्ही. साहेबाने माझ्या पायांकडे पाहिलं, ते तर होते. “काका, ऐन दसऱ्यात?” तो म्हणाला आणि दाराकडे तोंड करून पुढचा नंबर पुकारला. एक ड्रायव्हर पत्र्याखालून पळत आला, किल्ली घेऊन गेला. ताफा निघाला. फाटकाशी पहिल्या गाडीचे ब्रेक लाईट लागले आणि बराच वेळ लागलेले राहिले. मग विझले.

मीही निघालो. दुपारचे साडेबारा झाले असतील, ऑक्टोबरचं ऊन. यार्डापासून बसस्टॉपपर्यंत नवीन डांबर टाकलंय. निम्म्या रस्त्यात वॉचमन मागून पळत आला.

“काका! अहो काका, चप्पल कुठंय?”

मी खाली पाहिलं. चप्पल सीटमागच्या पिशवीत होती, इंदूरच्या वाटेला लागलेली. त्याने माझा दंड धरून मला कडेच्या सावलीत ओढलं, वाकून माझे तळवे बघितले आणि वर माझ्या तोंडाकडे बघितलं.

“भाजत नाही का तुम्हाला?”

“नाही,” मी म्हणालो.