देऊळ समोर असताना

आमच्या पालीच्या बंदरावर तांडेलाने एकदा हुकूम दिला की त्याच्या होडीवर खलाशांपैकी कुणी तोंड उघडत नसे. जाळी रिकामी असताना होडी मागे फिरवायची नाही, ही त्याची आण. मला ती हुकूमशाही खुपायची.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी तो बायकोला, म्हणजे आमच्या शेजारच्या वहिनींना, घेऊन केदारनाथला निघाला. तीर्थयात्रांविरुद्ध मी पत्रकं वाटायचो, तरी हिंदी बोलायला कुणी हवं म्हणून वहिनींनी मलाच सोबत नेलं.

चढावर वहिनींचं डोकं ठणकू लागलं, उलट्या सुरू झाल्या.

"दर्या लागलाय," तो म्हणाला. होडीवर नवख्याला देतात तसा त्याने त्यांना सुका बोंबील चघळायला दिला. "चालत रा. बसलीस तर जास्त लागंल."

"हा दर्या नाही, तांडेल. इथे हवा विरळ आहे. त्यांना खाली न्या!"

"तांडेल कोन? तू का मी?"

तासाभरात वहिनींचे ओठ निळे पडले, त्या झोकांड्या खाऊ लागल्या. नवऱ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "तुमी कोन?"

देऊळ समोर दिसत होतं. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना पाठीवर घेऊन तो उतरू लागला. मागून मी त्यांचा श्वास ऐकत होतो. दर वेळी पुढचा येईपर्यंत माझाच अडकायचा.

खाली गौरीकुंडाला पोहोचल्यावर त्यांनी डोळे उघडले. "नारल वाहिला?"

"न्हाय. झोलीत हाय."

घरी परतल्यावर तो नारळ त्याने पालीच्या समुद्रात सोडला. हल्ली होडी सोडण्याआधी तो खलाशांना विचारतो, "कुनाला काय बोलायचं हाय?"

अजून कुणी तोंड उघडत नाही.