वन्सं आणि घरी आलेला सिनेमा

इरा, रोहन, टीव्हीवर घरबसल्या सिनेमे बघायचं आत्याआजीच्या नावाचं खातं आता काढून टाकू का, असं तुम्ही परवा विचारलंत. काढा. पण त्याची वर्गणी तुम्ही इतक्या प्रेमाने भरलीत, तरी त्यांनी त्यावर एकही चित्रपट पुरता का पाहिला नाही, ते आधी वाचा.

वन्संना, म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीला, नवा चित्रपट पहिल्याच शुक्रवारी बघायला लागायचा. इस्त्रीची साडी नेसायची, पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या टाकायच्या आणि डोंबिवलीहून ठाण्याच्या थिएटरात दुपारचा खेळ गाठायचा. परतल्यावर जिन्यात बायका वाट अडवायच्या. वन्सं सगळी गोष्ट सांगत, शेवट सोडून. "तेवढ्यासाठी तरी तिकीट काढा की गं!"

पुढे गुडघे गेले. आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही. वन्सं घरातच राहिल्या. तुमची वर्गणी आली तेव्हा मला हायसं वाटलं. त्या मात्र रिमोट न्याहाळत म्हणाल्या, "दाराची बेल वाजली की थांबतो, तो सिनेमा कसला?"

त्यांच्या आवडत्या नटाचा नवा चित्रपट ठाण्यात लागला, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "सुधा, दोन माणसं बघ. खुर्चीत बसवून उतरवा मला. गणपती नाही का नेत?"

"वन्सं, तो विसर्जनाला नेतात!"

"मग मला परत आणा, म्हणजे झालं."

मी हसले. चार मजले, अरुंद जिना, कोणाचा पाय घसरला तर? दोन महिन्यांत तोच चित्रपट घरी येणार होता. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली. मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

तो आला. मी पडदे ओढले, दिवे मालवले. दहा मिनिटांत कुकरची शिट्टी झाली, मग कुरिअरवाला आला. मी दोनदा चित्रपट थांबवला. तिसऱ्यांदा वन्संनीच बंद केला.

"मी अडकले ते अडकले. त्यालाही आत आणून कोंडलंत. आता बाहेर पडायचं ते कशासाठी गं?"

दुसऱ्याच दिवशी मी खुर्ची उचलणारी दोन माणसं शोधली. पण ठाण्यातून तो चित्रपट केव्हाच उतरला होता. पुढचा लागायच्या आत वन्संना इस्पितळात हलवावं लागलं. रुग्णवाहिकेच्या माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. कोणाचाही पाय घसरला नाही.

वन्सं इस्पितळातच गेल्या. माझे गुडघे अजून चालतात, आणि ठाण्याचं ते थिएटर अजून उघडं आहे.