दोन नाण्यांची खुर्ची

आमच्या ह्यांना कॉम्प्युटरवरचा तो खेळ लेकीनं लावून दिला, तेव्हा मला वाटलं, चला, निदान माणूस भिंतीकडे बघत बसायचा तरी थांबेल. आठ वर्षांपूर्वी ह्यांचं सुतारकामाचं दुकान बंद पडलं. समोरच मोठ्ठं शोरूम आलं. भुशाच्या फळ्यांच्या खुर्च्या अर्ध्या किमतीत, वर घरपोच. गिऱ्हाईक एकेक करत रस्ता ओलांडून गेलं. तेव्हापासून ह्यांचं एकच पालुपद, "आपल्याच फिनिशिंगमध्ये काहीतरी कमी पडलं." मी म्हणायची, "अहो, तुमच्या खुर्चीत काही खोट नव्हती, लोकांना स्वस्त हवं होतं." पण ऐकतील तर शपथ! अवजारं पेटीत गेली ती गेलीच. कामाचं बाकडं तेवढं घरी आलं, आणि त्याच बाकड्यावर लेकीनं तिचा जुना कॉम्प्युटर मांडला.

खेळ कसला, तर राजेरजवाड्यांच्या काळातलं एक गाव. किल्ला, जंगलात दरोडेखोर, डोंगरात राक्षस. सुरुवातीलाच हातात तलवार देतात, जा बाबा, मार कोणाला तरी आणि लूट. आमच्या ह्यांनी काय केलं? पहिल्याच दिवशी तलवार लोहाराला विकली! म्हणाले, "आपल्याला कुठे कोणाशी मारामारी करायची आहे?" मग पोटापाण्याचं बघायला लागले. वैद्यासाठी औषधी पाला खुडला. नदीवर मासे धरायला बसले, पण मासा गळाला लागेपर्यंत ह्यांनाच डुलकी लागायची. गिरणीवर पोती वाहिली. शेवटी गावातल्या सुताराकडे कामाला लागले आणि गडी खुलला. "अगं, इथे अक्रोडाचं लाकूड मिळतं!" म्हणून मला स्वयंपाकघरातून ओढत नेलं. मला दिसला एक तपकिरी चौकोन. म्हटलं, छान आहे.

बाजारात एक मिशीवाला व्यापारी उभा असतो, तो एका खुर्चीला बारा नाणी द्यायचा. आणि चौकात, विहिरीशेजारी, निळ्या दाराचं एक दुकान विकायला होतं. ते ह्यांच्या मनात भरलं. दारावर आपल्या नावाची पाटी लावता येते म्हणे. बाकीचे खेळाडू राक्षस मारून झटपट असली दुकानं घेतात, पण ह्यांना ते नुसत्या खुर्च्यांवर घ्यायचं होतं. त्यातही हट्ट बघा, सगळ्या खुर्च्या साठवायच्या, एकदम विकायच्या आणि एका दमात नाणी मोजून किल्ली घ्यायची! कोठारात खुर्च्यांवर खुर्च्या रचल्या. मी म्हटलं, वेड लागलंय. पण माणूस वेळेवर जेवायला लागला, शीळ घालायला लागला, म्हणून गप्प बसले.

आता लेकीचं सांगते. ती त्याच खेळाच्या कंपनीत. काम काय, तर त्या खोट्या गावात कशाला किती नाणी मिळावीत ते ठरवायचं. ह्यांना वाटायचं, ती तिथे हिशेब बघते. एका रविवारी मी मटार सोलत होते, तर शेजारी येऊन बसली आणि एकच शेंग चिवडत राहिली.

"आई, गुरुवारी खुर्च्यांचा भाव उतरणार आहे. बारावरून दोनवर."

"कोण उतरवतंय?"

"मीच."

म्हणाली, लोक नुसती कामं करत बसतात, लढायला कोणी जात नाही, आणि कंपनीची कमाई होते तलवारी विकून, खऱ्या पैशांत. वरून हुकूम आलाय.

"मग बापाला आधी सांग ना. विकून टाकतील."

"बाहेर बोलले तर नोकरी जाईल. तूही बोलू नकोस."

वा गं वा! म्हणजे ही मला सांगून मोकळी, आणि मी तोंडाला कुलूप लावून बसायचं.

तेवढे दिवस माझ्या जिवाची नुसती तगमग. बोलावं तर लेकीची नोकरी, न बोलावं तर नवऱ्याचं दुकान. आडून आडून सुचवून बघितलं. "अहो, किती साठवताय? वाळवी लागेल." तर म्हणे, "खेळात वाळवी नसते." "निम्म्या तरी विका." "तुला काय कळतंय धंद्यातलं?" बुधवारी मी अक्षरशः हात जोडले, आज विका म्हणून. म्हणाले, "थोड्याच राहिल्यात गं. उद्या होतील." कपाळ माझं!

गुरुवारी हे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाकड्यासमोर बसले. दुकान घ्यायचं होतं ना. थोड्या वेळानं खोलीतून काहीच आवाज येईना. जाऊन बघते तर मिशीवाल्यासमोर उभे. तो दोन म्हणतोय. ह्यांनी ती खुर्ची परत घेतली, दुसरी पुढे केली. दोन. तिसरी. दोन. मग नवं अक्रोडाचं लाकूड आणलं, मन लावून एक खुर्ची केली, पाठीवर नक्षीसुद्धा काढली. दोन.

जेवायला हाक मारली तर आले नाहीत. लेक ऑफिसातून आली तरी तसेच बसलेले. मला म्हणाले, "फिनिशिंगमध्येच काहीतरी कमी पडलं असणार."

बस्स! माझं डोकंच फिरलं. त्या एका वाक्यानं कान किटले होते माझे. लेकीचा दंड धरला आणि तिला बाकड्यासमोर उभी केली. "आता झालाय ना भाव जाहीर? मग सांग! नाहीतर मी सांगते."

"बाबा, तो भाव मी कमी केला," ती म्हणाली.

"तू?"

मग तिनं सांगितलं. कंपनी, तलवारी, वरचा हुकूम, सगळं. मला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडायलाच हवं होतं! पण ह्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे खुर्ची वाईट नव्हती?"

"खुर्ची कोणी बघितलीच नाही, बाबा."

ह्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. मग म्हणाले, "तेव्हाही असंच झालं असेल का गं? त्या शोरूमच्या वेळी?"

"असंच. कोणीतरी माझ्यासारखंच एका खोलीत बसून आकडा ठरवला असणार."

"तेव्हा विचारायला कोणी समोरच नव्हतं," हे म्हणाले. डोळे भरून आले होते, पण आठ वर्षं ताठ धरलेले खांदे खाली आले. लेक तर हुंदके देत होती. शेवटी ह्यांनीच तिला विचारलं, "दोनचे तीन तरी करता येतील का?" तिनं नकाराची मान हलवली. "बरं, राहू दे," म्हणाले आणि कॉम्प्युटर बंद केला.

दुकान गेलंच. आणि मी? मी ताटं आदळत होते! आठ वर्षं, सकाळ-संध्याकाळ, घसा कोरडा करून मी ह्या माणसाला हेच सांगत आले. माझं एक अक्षर कानात शिरलं नाही. ह्यांना ते भाव पाडणारीच्याच तोंडून ऐकायचं होतं.